रायवोचं झाड

आस्ताकडे लोक यायचे ते प्रश्न घेऊनच यायचे. कुणी तार्तूच्या विद्यापीठातून, कुणी टालिनच्या वर्तमानपत्रातून, एकदा तर थेट जपानहून एक जोडपं आलं होतं. अंगणात गाडी लावायची, चिखलाचे बूट घेऊन आत शिरायचं आणि चहा निवायच्या आत विचारायचं, "आजी, तुम्ही नक्की कशाला मानता?" माझं सरपणाचं छप्पर तिच्या अंगणाला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं आणि माझं डोकं फिरायचं. एखाद्याच्या घरी जाऊन आपण विचारतो का, की बाबा रे, तू तुझ्या बायकोवर नक्की कसं प्रेम करतोस?

आस्ता मात्र चिडायची नाही. हात पुसून समोर बसायची आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायची.

"पाव कापला की पहिला तुकडा चुलीला देते. गाय व्याली की पहिलं दूध शेतातल्या दगडाच्या खळग्यात ओतते. झऱ्याचं पाणी प्यायच्या आधी झऱ्याला विचारते. घसरून पडले तर जमिनीची माफी मागते. मला लागलं तसं तिलाही लागलं असणार."

"पण मग देव कोण?"

"ते तुम्ही सांगा. शिकलेले तुम्ही."

एकदा जनगणनेची मुलगी आली होती. मांडीवर यंत्र ठेवून तिनं विचारलं, "धर्म कोणता लिहू?" आस्ता म्हणाली, "लिही, आहे." मुलगी म्हणाली, तसा पर्याय नाही. "मग तुझ्या यंत्रालाच अजून शिकायचंय," असं म्हणत आस्तानं तिच्या हातात गरम बटाटा ठेवला. शेवटी 'इतर'पुढे खूण करून ती मुलगी दीड तासानं उठली. जाताना झऱ्यापाशी थांबून ती काहीतरी पुटपुटली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, आस्ता जन्मभर अशीच सांगत आली असेल. तसं नव्हतं. एकोणसाठ वर्षांची होईपर्यंत तिनं कुणालाच काही समजावलं नव्हतं. गरज नव्हती. आमच्या गावात, सूहारात, प्रत्येक घर थोडंफार तेच करायचं, नाव न देता, आणि रविवारी ज्याला वाटेल तो चर्चलाही जायचा. सामुदायिक शेतीच्या काळात अध्यक्षसाहेब खळग्याचा दगड सुरुंगानं उडवायला माणसं घेऊन आले होते, कारण तो ट्रॅक्टरच्या आड यायचा. आस्ता तेव्हा तरणीताठी, वर्षापूर्वीच विधवा झालेली. ती दगडावर बसली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "उडवा की. पण आधी आईचं नाव घ्या. तुमची आई तुम्हाला कडेवर घेऊन इथंच दूध ओतायला यायची, माझ्या सासूनं पाहिलंय." अध्यक्षसाहेबांनी सिगारेट पेटवली, अर्धी ओढली आणि माणसं परत नेली. नांगराची रेघ आजही त्या दगडापाशी वळते. अशी ही बाई. अध्यक्षापुढे तिची मान खाली गेली नाही. म्हणून पुढे जे झालं ते मला कितीतरी वर्षं समजलंच नाही.

आमच्या गावातून कबरस्तानाकडे जाताना पाइनचं रान लागतं. प्रेत घरून निघालं की त्या रानाशी थांबायचं. घरातला पुरुष, किंवा मयताचं नाव ठेवताना ज्याच्या हातात तो होता असा माणूस, खाली उतरतो, एक झाड पाहतो, थोडी साल तासतो आणि खोडात फुली कोरतो. दारूचा एक घोट मुळाशी ओततो, एक स्वतः घेतो, बाटली मागे फिरते. मग गाडी पुढे जाते. तिकडे पाद्री घड्याळ बघत ताटकळतो, पण त्यालाही ठाऊक असतं. शरीर कबरस्तानात जातं आणि माणूस त्या झाडात राहतो. तो घराभोवती तळमळत फिरत नाही आणि हरवतही नाही. नोव्हेंबरात आत्म्यांचे दिवस आले, घरात त्यांच्यासाठी ताट मांडलं, की तिथून त्याला वाट सापडते. फुली जातानाच कोरायची. मागाहून आठवण झाली म्हणून कोरता येत नाही, कारण तो माणूस त्या वाटेनं एकदाच जातो.

आस्ताचा नवरा एवाल्ड जंगलतोडीत गेला. त्याची फुली तिथं आहे, त्याच्या आईची आहे, दोन भावांची आहे. माझ्या बायकोची, मिल्वीची आहे, रस्त्याच्या वळणावर, थोड्या वाकड्या पाइनवर. ती मीच कोरली.

रायवो आस्ताचा एकुलता एक. त्याचं नाव ठेवलं तेव्हा तो माझ्या हातात होता. मी तेव्हा अठराचा, त्यानं माझा एकमेव कोट भिजवला होता. देश मोकळा व्हायला लागला, इथली कामं बंद पडायला लागली, तशी गावातली पोरं समुद्रापलीकडे फिनलंडला बांधकामावर गेली. रायवोही गेला. तिथं त्यानं किर्सी नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना मुलगी झाली, इन्केरी. आस्तानं नातीला एकदाच पाहिलं होतं, पाळण्यात. मग चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये रायवो परांचीवरून पडला. एकोणतीस वर्षांचा होता.

किर्सीनं एक गोष्ट चांगली केली, त्याला घरी आणलं. शवपेटी एक दिवस आस्ताच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ती माझ्या ट्रकवर चढवली, खाली स्प्रूसच्या फांद्या अंथरल्या. पुढे माझ्या शेजारी आस्ता, तिच्यापलीकडे किर्सी आणि किर्सीच्या मांडीवर दोन वर्षांची पोर. मागून किर्सीच्या वडिलांची, पेन्टींची गाडी आणि त्यामागे गावाची बस. पेन्टी तिकडच्या कुठल्यातरी कडक ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे होते. घरात त्यांनी चुलीपुढचा पावाचा तुकडा पाहिला होता, पण काही बोलले नव्हते. सभ्य माणूस, त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही.

रानाशी मी ट्रक थांबवला. चाकू माझ्या खिशात होता, सकाळी परजून ठेवलेला. झाडही मी मनात ठरवलं होतं, एवाल्डच्या शेजारचं. मी दाराला हात घातला तेवढ्यात पलीकडच्या काचेवर टकटक झाली. पेन्टी उतरून आले होते. किर्सीनं काच अर्धी खाली केली.

"का थांबलो आपण?" त्यांनी विचारलं. किर्सीनं ते आमच्या भाषेत आस्ताला सांगितलं.

मी आस्ताकडे पाहिलं. तिनं सांगायचं होतं, मुलगा तिचा. दोन वाक्यांचं काम होतं. ती पेन्टींकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टा नव्हती, नुसती दया होती. मग तिनं किर्सीच्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. पोर काचेवर बोटानं रेघा काढत होती.

"काही नाही," आस्ता म्हणाली. "जुनी खोड आहे इथल्या लोकांची. आर्वेद, चल पुढे."

"आस्ता," मी म्हणालो.

"चल म्हटलं ना."

आणि मी गेलो. हे मला नीट लिहायचंय, कारण पुढं सगळे तिच्याबद्दल बोलले आणि माझ्याबद्दल कुणी बोललं नाही. चाकू माझ्या खिशात होता. नाव ठेवताना तो माझ्या हातात होता. मी उतरलो असतो तर मला कुणी धरणार नव्हतं. मी गिअर टाकला आणि रायवोला त्याच्या बापाच्या पुढून, आजीच्या पुढून, मिल्वीच्या पुढून तसाच घेऊन गेलो. मागे बसमधली माणसं उभी राहून काचेतून बघत होती.

गावानं आस्ताला तोंडावर काही विचारलं नाही. पाठीमागे मात्र बरंच बोललं गेलं. मी तिला विचारलं, चाळीस दिवसांनी. ती बटाटे लावत होती.

"तू तसं का म्हणालीस?"

"ते आपल्याला रानटी समजले असते तर पोरीला माझ्याकडे पाठवलं असतं का?" ती वाकूनच म्हणाली. "मी म्हटलं, रायवो तर गेलाच आहे. पोर तरी येऊ दे."

पोर आली नाही. किर्सीचं पुन्हा लग्न झालं, तिची कामं, तिचं घर. नाताळला कार्ड यायचं, त्यात फोटो. आस्ता फोटो चुलीवरच्या फळीवर लावायची, दरवर्षी एक, जुन्यापुढे नवा. नोव्हेंबरात ती ताटं मांडायची. एवाल्डचं, सासूचं, दिरांचं आणि रायवोचं. वाटाण्याचं सूप, काळा पाव, भाजलेलं सॉसेज. सकाळी ताटं उचलताना म्हणायची, एवाल्ड आला होता. सासूसुद्धा, मीठ कमी आहे म्हणत असेल. रायवोच्या ताटाबद्दल काही बोलायची नाही.

"त्याला वाट माहीत नाही, आर्वेद," एकदाच म्हणाली. "तो तिथंही नाही आणि इथंही नाही. माझ्यामुळे."

"आपल्यामुळे," मी म्हणालो. तिनं ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

तेव्हापासून ती सांगायला लागली. जो येईल त्याला. पाद्रीला, विद्यार्थ्यांना, विजेचा मीटर वाचायला येणाऱ्यालाही. लोकांना वाटायचं, म्हातारीला मान मिळतोय म्हणून बोलते. मला माहीत होतं. पेन्टींना त्या काचेतून जे सांगायचं राहिलं, तेच ती प्रत्येकाला सांगत होती.

एकोणीस वर्षांनी इन्केरी आली. पाठीवर पिशवी, वोरूच्या बसमधून उतरून चार किलोमीटर चालत. तिनं आमची भाषा शिकली होती, पुस्तकातून, त्यामुळे ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलायची. तीन दिवस आस्ता तिला घेऊन फिरली. दगड दाखवला, झरा दाखवला, चुलीला पाव कसा द्यायचा ते दाखवलं. आस्ताला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या दोघी रानात गेल्या.

संध्याकाळी आस्ता माझ्या छपराखाली आली. मी लाकडं फोडत होतो. 

"तिनं विचारलं, बाबांचं झाड कुठलं," ती म्हणाली. "मी तुझ्या मिल्वीचं दाखवलं."

मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"तिनं झाडाला मिठी मारली, आर्वेद. रडली. लाल लोकर बांधली. मी काय बोलणार होते?"

मी घरात गेलो आणि दार लावून घेतलं. दोन आठवडे तिच्याशी बोललो नाही. दूध आणायला लांबच्या वाटेनं गेलो, सत्तरीकडे झुकलेला माणूस, शाळकरी पोरासारखा रुसून. मिल्वीजवळ जाऊन बसलो तर लाल लोकर तिथं होतीच, चांगली गाठ मारलेली. मिल्वीला मूल झालं नाही. लहान मुलांचे मोजे विणून ती गावभर वाटायची. तिथं बसल्या बसल्या माझा राग कुठे गेला कळलं नाही. परत आल्यावर आस्ताकडे गेलो आणि म्हणालो, "असू दे. मिल्वीला पोरगी मिळाली." आस्तानं मला सूप वाढलं. त्या दिवशी मीठ खरंच कमी होतं.

पुढची सहा वर्षं इन्केरी दर उन्हाळ्यात आली. दर वेळी नवी लोकर. मिल्वीचा पाइन लग्नातल्या नवरीसारखा दिसायला लागला.

दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात आस्ता उठेनाशी झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मी सकाळी चूल पेटवून द्यायला जायचो. एका सकाळी ती म्हणाली, "आर्वेद, माझ्यासाठी थांबू नकोस."

"कुठे?"

"रानाशी. मला फुली नको."

"वेड लागलंय तुला. गाव मला जोड्यानं मारेल."

"गावात उरलंय कोण मारायला? पाच घरं. त्यातल्या दोघांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत."

"एवाल्ड तिथं आहे तुझा."

"एवाल्डजवळ त्याची आई आहे, भाऊ आहेत. सगळं कुटुंब आहे." ती दम घ्यायला थांबली. "रायवोजवळ कोण आहे? मला झाड मिळालं तर मी तिथंच राहीन. नाही मिळालं तर मीही बाहेर. मग शोधता येईल त्याला."

मी चुलीत लाकूड सारलं. 

"इन्केरीला काय सांगू?"

"तिला नको सांगूस." मग म्हणाली, "किंवा सांग. मी जपानी माणसांना सांगितलं, तिला नाही सांगता आलं."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. आत्म्यांचे दिवस चालू होते. त्या दिवसांत आम्ही मोठ्यानं बोलत नाही आणि लाकडं फोडत नाही, म्हणून गाव आधीच गप्प होतं. इन्केरी आली, आणि तिच्याबरोबर किर्सीही. केस पांढरे झालेली, पण मी लगेच ओळखली. पेन्टी बरीच वर्षं आधी वारले होते.

ट्रक आता नाही, माझी व्हॅन आहे. शवपेटी मागे, स्प्रूसच्या फांद्यांवर. शेजारी इन्केरी. मागच्या गाडीत किर्सी आणि त्यामागे गावातले उरलेले. इन्केरीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एवाल्डचा चाकू होता.

"बाईनं कोरायची नसते, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आता दुसरं कोण आहे? मी बाबांच्या फुलीशेजारी कोरणार आहे."

 रान आलं. वळणावरचा वाकडा पाइन दिसला, लाल लोकर लावलेला. मी पाय ब्रेकवर नेला नाही. ठरवलंच होतं, सरळ जायचं आणि मागाहून काय ते सांगायचं.

"आर्वेदकाका, झाड मागे गेलं."

मी जात राहिलो.

"काका, थांबा. थांबा म्हणते ना."

थांबलो.  इंजिन बंद केलं आणि समोर बघत तिला सांगितलं. ट्रक, माझ्या खिशातला चाकू, तिचे आजोबा काचेपाशी, आईच्या मांडीवरून काचेवर रेघा काढणारी ती स्वतः, आणि आस्ता काय म्हणाली ते. ती फुली मिल्वीची आहे हे सांगितलं. आणि आस्तानं माझ्याकडून काय कबूल करून घेतलं तेही. आस्ता हेच किती छान सांगायची. मी पुन्हा पुन्हा मागं जाऊन सुरुवात करत होतो.

इन्केरी चाकूचं फडकं उलगडत होती आणि परत गुंडाळत होती.

"म्हणजे सहा वर्षं मी तुमच्या बायकोला लोकर बांधत होते."

"तिला लाल रंग आवडायचा."

"आणि बाबांना झाड नाही."

"नाही."

"माझ्यामुळे."

"तू दोन वर्षांची होतीस," मी म्हणालो. "तुझ्यासाठी. तुझ्यामुळे नाही."

ती रडायला लागली. मीही रडलो, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. किर्सी उतरून आली होती, कोटाची कॉलर वर करून. इन्केरीनं काच खाली केली.

"का थांबलो आपण?" किर्सीनं विचारलं.

त्यांची भाषा आमच्या भाषेची बहीणच, मला पुरेशी कळते. इन्केरीनं डोळे पुसले आणि शांतपणे सांगितलं. "आई, आमच्याकडे माणूस जाताना इथं झाडावर त्याची फुली कोरतात. मग तो त्या झाडात राहतो. बाबांची कोरायची राहिली, म्हणून त्यांना जागा नाही. आजीला त्यांच्याकडे जायचंय, म्हणून आपण तिची कोरणार नाही. एवढंच."

'आमच्याकडे' म्हणाली ती. हा शब्द ऐकायला आस्ता हवी होती.

किर्सी पाइनच्या रानाकडे बघत उभी राहिली. तिला तो दिवस आठवत होता, ते दिसत होतं.

"तेव्हा ती काही नाही म्हणाली," किर्सी म्हणाली. "मी खरंच समजले, काही नाही." तिनं काचेची कड हातानं धरली. "मला एवढं सांगितलं असतं तर मीच उतरले असते. वडिलांनाही उतरवलं असतं. इतकं साधं आहे हे."

मी मागे वळून पाहिलं नाही. मागे आस्ता होती. पंचवीस वर्षं जगाला सांगत बसलेली बाई, आणि ज्यांना सांगायचं होतं ती माणसं ऐकायला तयार होती.

किर्सी तिच्या गाडीकडे गेली. इन्केरीनं चाकू फडक्यात बांधला, पायापाशी ठेवला आणि काच वर केली.

"चला पुढे, काका," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली.